टॅरिफ गाड्यांवर, फटका हप्त्याला: अमेरिकेत कार लोन महाग का पडतंय?

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत नव्या गाडीची सरासरी किंमत पहिल्यांदाच ५० हजार डॉलरच्या वर गेली. केली ब्लू बुक या गाड्यांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचा हा आकडा. बातमी आली आणि सोशल मीडियावर सगळ्यांनी एकाच गोष्टीकडे बोट दाखवलं, ट्रम्प यांचं टॅरिफ.

पण अमेरिकेत नवी गाडी रोख पैसे मोजून घेणारे थोडेच. दहापैकी साधारण आठ जण कर्ज काढतात किंवा लीजवर गाडी घेतात. त्यामुळे तिथल्या ग्राहकाचा खरा प्रश्न 'गाडी कितीला?' हा नसतो, 'महिन्याला किती?' हा असतो. २०२५ मध्ये या प्रश्नाचं सरासरी उत्तर साडेसातशे डॉलरच्या आसपास होतं. नवी गाडी कर्जावर घेणाऱ्या जवळपास पाचांपैकी एकाला तर महिन्याला १ हजार डॉलर किंवा त्याहून जास्त हप्ता पडत होता.

आता टॅरिफ म्हणजे आयात शुल्क. ते गाडीवर लागतं, कर्जावर नाही. मग कर्ज महाग कसं पडतं?

आधी, टॅरिफ नेमकं कशावर लागलं?

ट्रम्प यांनी २६ मार्च २०२५ ला घोषणा केली आणि ३ एप्रिलपासून परदेशातून येणाऱ्या गाड्यांवर २५ टक्के शुल्क सुरू झालं. ३ मे पासून इंजिन, गिअरबॉक्स अशा महत्त्वाच्या सुट्या भागांवरही ते लागलं. त्यासाठी १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्यातल्या कलम २३२ चा आधार घेतला गेला. राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन आयातीवर शुल्क लावण्याचा अधिकार या कलमामुळे राष्ट्राध्यक्षांना मिळतो.

याशिवाय पोलाद आणि ॲल्युमिनियमवर मार्चपासून २५ टक्के शुल्क होतंच. जूनमध्ये ते ५० टक्के झालं.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी साधारण निम्म्या बाहेरून येतात. अमेरिकेतच तयार होणाऱ्या गाडीतही मेक्सिको, कॅनडा, जपान, भारत, चीन अशा अनेक देशांचे भाग असतात. म्हणजे शुल्कातून पूर्णपणे सुटलेली गाडी शोधूनही सापडणं कठीण.

पुढे एकेका देशाशी करार होत गेले. ब्रिटनच्या वर्षाला १ लाख गाड्यांसाठी १० टक्के दर ठरला. जपान, युरोपीय संघ आणि दक्षिण कोरियासाठी १५ टक्के. मेक्सिको आणि कॅनडातून नियमांत बसून आलेल्या गाड्यांना त्यातल्या अमेरिकी भागांपुरती सूट मिळाली. अमेरिकेत गाडी जोडणाऱ्या कंपन्यांनाही सुट्या भागांच्या शुल्कात काही प्रमाणात सवलत मिळाली. बोजा हलका झाला, पण गेला नाही. २५ चे १५ टक्के झाले म्हणून आनंद मानला गेला, तरी जपानी गाड्यांवर आधी असलेलं शुल्क फक्त २.५ टक्के होतं.

किंमत फार वाढली नाही, मग शुल्क भरलं कोणी?

२५ टक्के शुल्क लागलं, तरी गाड्या २५ टक्क्यांनी महागल्या नाहीत. अमेरिकेच्या अधिकृत महागाई निर्देशांकानुसार सप्टेंबर २०२५ पर्यंतच्या वर्षभरात नव्या गाड्यांच्या किमती १ टक्काही वाढल्या नव्हत्या. सरासरी ५० हजारांच्या पुढे जाण्यामागे टॅरिफशिवाय दुसरंही एक कारण होतं. इलेक्ट्रिक गाड्यांवरची ७,५०० डॉलरची करसवलत ३० सप्टेंबरला संपणार होती. त्याआधी महागड्या इलेक्ट्रिक गाड्या घेण्यासाठी लोकांची झुंबड उडाली आणि सरासरी वर गेली.

मग शुल्काचे पैसे गेले कुणाच्या खिशातून? सुरुवातीला कंपन्यांच्या. जनरल मोटर्सने एप्रिल ते जून या एकाच तिमाहीत टॅरिफमुळे १.१ अब्ज डॉलरचा फटका बसल्याचं जाहीर केलं. फोर्डने त्याच तिमाहीसाठी ८० कोटी डॉलरचा आकडा दिला. टोयोटाने पूर्ण आर्थिक वर्षासाठी १.४ लाख कोटी येनचा अंदाज बांधला.

किंमत वाढवली तर ग्राहक शेजारच्या शोरूममध्ये जाईल, ही भीती प्रत्येक कंपनीला होती. त्यामुळे काचेवरच्या स्टिकरला हात न लावता पैसे वाचवण्याच्या जागा शोधल्या गेल्या. कमी व्याजाची कर्जं ही त्यातली एक मोठी जागा. कर्ज महाग होण्याची गोष्ट इथून सुरू होते.

'शून्य टक्के व्याज' कुणाच्या पैशावर असतं?

अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या कार कंपन्यांची स्वतःची कर्ज देणारी कंपनी असते. टोयोटा फायनान्शियल सर्व्हिसेस, जीएम फायनान्शियल, फोर्ड क्रेडिट ही त्यातली नावं. '० टक्के', '१.९ टक्के', '२.९ टक्के' अशा जाहिराती या कंपन्यांच्या नावाने येतात.

पण बाजारात कुणालाच शून्य टक्क्याने पैसे मिळत नाहीत. कर्ज देणारी कंपनी ५ टक्क्यांनी पैसे उचलून ग्राहकाला ० टक्क्याने देत असेल, तर मधला फरक गाडी बनवणारी कंपनी भरते. ४० हजार डॉलरच्या ५ वर्षांच्या कर्जावर हा फरक आजच्या हिशेबाने साधारण ४,७०० डॉलर होतो. म्हणजे ती एका प्रकारची सूटच असते, किमतीत न देता व्याजात दिलेली.

आता दुसरा आकडा बघा. आयातीच्या वेळी ३० हजार डॉलर किंमत धरलेल्या गाडीवर १५ टक्के शुल्क म्हणजे ४,५०० डॉलर. एका गाडीवर शून्य टक्क्याची योजना द्यायला जेवढा खर्च येतो, जवळपास तेवढेच पैसे आता सरकारजमा होतात. २५ टक्के दराने तर ७,५०० डॉलर.

कंपनीने किंमत तशीच ठेवली आणि योजना मागे घेतली, तर शुल्काचा बराच भाग भरून निघतो. कोणत्याही बातमीत 'गाड्या महागल्या' असं येत नाही. ग्राहकाला मात्र तीच गाडी त्याच किमतीत घेऊन जास्त व्याज भरावं लागतं.

२०२५ च्या दुसऱ्या तिमाहीत असंच चित्र दिसलं. एडमंड्स या वाहनबाजाराचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या आकडेवारीत शून्य टक्के व्याजाच्या व्यवहारांचं प्रमाण १ टक्क्याच्याही खाली गेलं होतं. नव्या गाडीच्या कर्जाचा सरासरी दर ७ टक्क्यांच्या आसपास होता.

याचं सगळं खापर टॅरिफवर फोडता येणार नाही. बाजारातलेच व्याजदर चढे असले की शून्य टक्क्याची योजना कंपनीला आधीच महाग पडते. कोव्हिडच्या आधीच्या स्वस्त पैशाच्या काळात ती परवडत होती, २०२२ नंतर परवडेनाशी झाली. टॅरिफने उरलीसुरली जागाही आवळली.

तीन फटके, पण सारखे नाहीत

समजा, एखाद्याने ४० हजार डॉलरचं कर्ज ६ वर्षांसाठी ७ टक्के दराने घेतलं. हप्ता साधारण ६८२ डॉलर आणि एकूण व्याज ९,१०० डॉलर. आता तीन वेगवेगळ्या गोष्टींनी काय फरक पडतो ते पाहू.

• गाडी ३ हजार डॉलरने महागली आणि ते पैसेही कर्जात गेले: हप्ता ५१ डॉलरने वाढतो. सहा वर्षांत सुमारे ३,७०० डॉलर जास्त जातात.

• व्याजदर ६ वरून ७ टक्के झाला: हप्ता १९ डॉलरने वाढतो. सहा वर्षांत सुमारे १,३७० डॉलर जास्त.

• २.९ टक्क्याची योजना बंद झाली आणि ७ टक्क्यांनी कर्ज घ्यावं लागलं: हप्ता ७६ डॉलरने वाढतो. सहा वर्षांत सुमारे ५,५०० डॉलर जास्त. योजना शून्य टक्क्याची असती तर फरक ९,१०० डॉलरचा.

चर्चा सगळ्यात जास्त होते ती पहिल्या दोन गोष्टींची. स्टिकरवरची किंमत वाढली का आणि फेडने व्याजदर कमी केला का? खरा मोठा फटका तिसऱ्या गोष्टीचा आहे आणि तिची बातमी होत नाही, कारण तिथे काही 'वाढत' नाही. फक्त एक जाहिरात दिसेनाशी होते.

अर्थात, अशा योजना चांगला क्रेडिट स्कोअर असलेल्यांनाच मिळायच्या. ज्यांना त्या कधीच मिळत नव्हत्या, त्यांच्यासाठी पहिला आणि दुसरा फटकाच महत्त्वाचा.

फेडने हात का आखडता घेतला?

फेडरल रिझर्व्ह म्हणजे अमेरिकेची रिझर्व्ह बँक. तिने २०२४ च्या अखेरीस व्याजदर कमी करायला सुरुवात केली होती. डिसेंबर २०२४ मध्ये दर ४.२५ ते ४.५० टक्क्यांवर आला आणि तिथेच थांबला, तो थेट सप्टेंबर २०२५ पर्यंत.

कारण साधं होतं. आयात महागली की वस्तू महागतात. महागाई वाढायची शक्यता असताना व्याजदर कमी करणं म्हणजे आगीत तेल ओतणं. फेडने वाट बघायचं ठरवलं. १ जुलै २०२५ ला पोर्तुगालमधल्या सिंत्रा इथे झालेल्या परिषदेत फेडचे अध्यक्ष जेरोम पॉवेल यांना थेट विचारलं गेलं की, टॅरिफ नसतं तर दर आणखी कमी केले असते का? त्यांनी होकार दिला. टॅरिफचा आकार बघून फेड थांबलं, असं त्यांनी सांगितलं.

म्हणजे टॅरिफ आणि कर्जाचा दर यांचा संबंध खुद्द फेडच्या अध्यक्षांनीच मान्य केला. गंमत अशी की व्याजदर लवकर कमी करा म्हणून पॉवेल यांच्यावर सगळ्यात जास्त टीका करणारे ट्रम्पच होते.

पुढे सप्टेंबर, ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये प्रत्येकी पाव टक्क्याची कपात झाली. पण तोपर्यंत ज्यांनी कर्ज घेतलं त्यांना त्याचा उपयोग नव्हता. अमेरिकेत कार लोनचा दर सहसा पूर्ण मुदतीसाठी ठरलेला असतो. जुलैमध्ये सही केली तर जुलैचाच दर सहा वर्षं.

बाँड बाजार फेडचं ऐकतोच असं नाही

कार लोनचा दर फक्त फेड ठरवत नाही. कर्ज देणाऱ्या कंपन्या बाजारातून पैसे उभे करतात. अनेक कर्जांची मोट बांधून ती गुंतवणूकदारांना रोख्यांच्या रूपात विकली जातात. या रोख्यांवर किती व्याज द्यायचं, ते सरकारी रोख्यांचा परतावा बघून ठरतं. त्यावर ग्राहक कर्ज बुडवण्याच्या धोक्याचा भाग चढतो आणि शेवटी अनेकदा डीलरचं मार्जिनही.

२ एप्रिल २०२५ ला ट्रम्प यांनी जगभरातल्या देशांवर टॅरिफ जाहीर केलं, तेव्हा पहिले दोन दिवस सरकारी रोख्यांचा परतावा खाली आला. १० वर्षांच्या रोख्यांवर तो ४ टक्क्यांच्या आसपास होता. मंदी येणार या भीतीने लोक सुरक्षित रोख्यांकडे वळले होते. पण आठवडाभरात चित्र उलटलं. गुंतवणूकदार अमेरिकी रोखेच विकू लागले आणि परतावा ४.५ टक्क्यांजवळ पोहोचला. ९ एप्रिलला ट्रम्प यांनी बऱ्याच देशांवरचं वाढीव टॅरिफ ९० दिवसांसाठी थांबवलं. गाड्यांवरचं शुल्क मात्र सुरूच राहिलं.

यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. टॅरिफमुळे मंदी येईल असं बाजाराला वाटलं तर दर खाली येतात. महागाई आणि अनिश्चितता वाढेल असं वाटलं तर वर जातात. 'टॅरिफ आलं की व्याज वाढतं' असं एका ओळीचं सूत्र इथे चालत नाही.

हप्ता कमी, कर्ज जास्त

शोरूममधला सेल्समन ग्राहकाला विचारतो, 'महिन्याला किती परवडेल?' इथेच सापळा आहे.

वरच्या उदाहरणातली गाडी ३ हजारांनी महागली आणि कर्ज ४३ हजारांचं झालं असं धरू. ६ वर्षांसाठी हप्ता ७३३ डॉलर होतो. ग्राहक कुरकुर करतो. मग मुदत ७ वर्षं केली जाते आणि हप्ता येतो ६४९ डॉलर. गाडी महागली, तरी हप्ता आधीच्या ६८२ पेक्षाही कमी! ग्राहक खूश होऊन सही करतो. पण एकूण व्याज ९,१०० वरून ११,५०० डॉलरवर गेलेलं असतं.

दुसरा धोका त्याहून मोठा. गाडीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत झपाट्याने उतरते, पण लांब मुदतीच्या कर्जात मुद्दल हळूहळू फिटतं. मध्येच गाडी विकायची वेळ आली, तर हातात येणाऱ्या पैशापेक्षा बाकी कर्ज जास्त निघतं. अनेक जण ही बाकी पुढच्या गाडीच्या कर्जात टाकतात. म्हणजे विकून टाकलेल्या गाडीचे हप्ते नव्या गाडीसोबत सुरूच राहतात.

सेकंड हँड गाडीला टॅरिफ नाही, पण…

जुन्या गाडीवर आयात शुल्क लागत नाही. तरीही ती सुटत नाही. टॅरिफच्या आधी आणि नंतरच्या काही आठवड्यांत लोकांनी घाईघाईने गाड्या घेतल्या. नवी परवडत नाही म्हणून काही जण जुनीकडे वळले आणि एप्रिल २०२५ मध्ये लिलावात जुन्या गाड्यांचे भाव वाढले.

जुन्या गाडीच्या कर्जाचा सरासरी दर ११ टक्क्यांच्या आसपास होता. क्रेडिट स्कोअर कमी असेल तर याहून कितीतरी जास्त. नवी गाडी घेणाऱ्याला ३ हजार डॉलर जास्त मोजणं जड जातं, तर जुनी घेणाऱ्याला १ हजार डॉलरही जड जातात.

ताण दिसतोच आहे. फिच या पतमानांकन संस्थेच्या आकडेवारीनुसार, कमी क्रेडिट स्कोअर असलेल्या गटात ६० दिवसांपेक्षा जास्त हप्ते थकलेल्या कर्जांचं प्रमाण ऑक्टोबर २०२५ मध्ये ६.६५ टक्के होतं. १९९० च्या दशकात ही नोंद सुरू झाल्यापासूनचा तोपर्यंतचा हा उच्चांक होता. घरभाडं, विमा, किराणा या सगळ्याचा त्यात वाटा आहे. पण कर्ज बुडण्याचा धोका वाढला की देणारे पुढच्या ग्राहकाकडून जास्त दर मागतात, हेही तितकंच खरं.

सरकारने दिलेली सवलत किती कामाची?

४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेल्या कर कायद्यात कार लोनच्या व्याजावर वजावट देण्यात आली. २०२५ ते २०२८ या वर्षांत दरवर्षी १० हजार डॉलरपर्यंतचं व्याज करपात्र उत्पन्नातून वजा करता येतं. अट अशी की गाडी नवी हवी, स्वतःच्या वापराची हवी आणि तिची अंतिम जुळणी अमेरिकेत झालेली हवी.

आकडा मोठा दिसतो, फायदा तेवढा नाही. ४० हजारांच्या कर्जावर ७ टक्क्यांनी पहिल्या वर्षीचं व्याज होतं सुमारे २,६०० डॉलर. २२ टक्के कराच्या टप्प्यातल्या माणसाचा त्यातून कर वाचतो सुमारे ५८० डॉलर. पुढे दरवर्षी व्याज कमी होतं, तशी बचतही. एकट्याचं उत्पन्न १ लाख डॉलरच्या, तर पती-पत्नीचं एकत्रित उत्पन्न २ लाखांच्या वर गेलं की सवलत घटत जाते. एकट्यासाठी फार तर दीड लाखाला आणि जोडप्यासाठी फार तर अडीच लाखांना ती संपते.

न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांचा प्रश्न इथेच येतो. दोघंही आयटीत असतील तर उत्पन्नामुळे सवलत हातची जाऊ शकते. नुकतेच तिकडे गेलेल्यांकडे क्रेडिट हिस्ट्री नसते, म्हणून दर जास्त लागतो. शिवाय कंपनी जपानी असली तरी गाडी अमेरिकेत जोडलेली असू शकते आणि अमेरिकी कंपनीची गाडी मेक्सिकोतून आलेली असू शकते. गाडीचा व्हीआयएन क्रमांक १, ४ किंवा ५ ने सुरू होत असेल तर ती सहसा अमेरिकेत तयार झालेली असते. २ म्हणजे कॅनडा, ३ म्हणजे मेक्सिको, इंग्रजी जे म्हणजे जपान.

आणि भारतात?

भारतात त्याच वर्षी उलटं घडलं. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्यामुळे पुण्यात गाडी घेणाऱ्याचा हप्ता हलका होत होता, तेव्हा डॅलसमधल्या त्याच्या भावाचा जड होत होता.

पुण्याचा संबंध दुसऱ्या टोकाला आहे. पुणे-चाकण पट्ट्यातून अमेरिकेला सुटे भाग जातात आणि मे २०२५ पासून अशा भागांवरही शुल्क लागलं. इथे त्याचा परिणाम कर्जाच्या हप्त्यावर नाही, ऑर्डर आणि रोजगारावर होऊ शकतो.

मग ग्राहकाने बघायचं काय?

अमेरिकेत गाडी घेणाऱ्याने फक्त किंमत किंवा फक्त हप्ता बघितला तर टॅरिफचा फटका दिसणारच नाही. तीन आकडे एकत्र बघावे लागतात: कर्जाची रक्कम, व्याजदर आणि महिने. हप्ता गुणिले महिने केलं आणि त्यातून कर्जाची रक्कम वजा केली की एकूण व्याज समोर येतं. शोरूममध्ये जाण्याआधी बँक किंवा क्रेडिट युनियनकडून दर घेऊन ठेवला तर डीलरने वर किती चढवलेत तेही कळतं.

कर्ज संपल्यावरही गाडी तीच असते. फेडचे दर पुढे बदलू शकतात, शुल्काचे दर करारांनी बदलू शकतात. पण ज्यांनी २०२५ च्या उन्हाळ्यात सात वर्षांच्या कर्जावर सही केली, त्यांचा शेवटचा हप्ता २०३२ मध्ये जाणार आहे.